दोन शिळांमधील कंद

नेपाळच्या राज्यास पृथ्वीनारायण शहाने दोन शिळांमध्ये सापडलेल्या कंदाची उपमा दिली. उत्तरेस चीन, दक्षिणेस हिंदुस्थान! १८५८ मध्ये जंगबहादुर राणाने लखनौवर गुरखा फौज नेऊन इंग्रजांची मर्जी राखली आणि १८६० मध्ये पश्चिम तराईचा गेलेला मुलूख परत मिळविला. पण त्यानेच बेगम हजरत महलला काठमांडूत आसराही दिला. आपल्या नानासाहेब पेशव्यांचा मागही याच तराईत हरपला.

१९५० मध्ये भारताशी मैत्रीचा तह झाला. तरी १९६१ मध्ये राजे महेंद्र यांनी चीनशी रस्त्याचा करार केलाच. २०१५ मध्ये दक्षिणेची नाकी अडली, चुली थंडावल्या. २०१६ मध्ये चिनी बंदरे वापरण्याचा करार झाला. परंतु समुद्रमार्गे येणारा माल अजून मुख्यतः कोलकात्याहूनच येतो. भूगोल तहनाम्यांना जुमानत नाही, हेच खरे.