रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

१९४४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना जॉन बोनिका यांना एक गोष्ट सतावू लागली. युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या जखमा भरून आल्या होत्या, तरी माणसं कळवळत होती. पुस्तकं चाळावीत तर वेदनेवर जेमतेम काही पानं. मग त्यांनी अस्थिरोग, मेंदूविकार आणि मनोविकार यांच्या तज्ज्ञांना एकत्र बसवलं आणि अवघड रुग्णांचा सगळ्यांनी मिळून विचार करायचा पायंडा पाडला.

दुखणं काय असतं हे बोनिकांना कुणी सांगायला नको होतं. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवायला ते मुखवटा चढवून व्यावसायिक कुस्त्या खेळत. त्या कुस्त्यांनी त्यांचे कान चेचले, सांधे कामातून गेले. १९७३ साली वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली. वेदना ही संवेदना आहे आणि भावनिक अनुभवही आहे, असं तिच्या व्याख्येत स्पष्ट म्हटलेलं आहे.

तरीही आजचा रुग्ण दवाखान्यात ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे ऐकतो आणि घरी ‘सगळे मनाचे खेळ’ हे. दोन्हीकडून त्याच्यावर अन्यायच होतो.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं वैद्यकात दीर्घकालीन मानतात. मेंदूतले जे भाग वेदनेची दखल घेतात, त्यांतले काही भीती आणि खिन्नतेतही सामील असतात. शिवाय मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे संदेश वेदना दाबू शकतात, तशी वाढवूही शकतात. या संदेशांत सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचा मोठा वाटा असतो. नैराश्यावरचं ड्युलोक्सेटिन फायब्रोमायल्जियावर, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या आजारावर, दिलं जातं, अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावर देतात, ते याचमुळे. चिठ्ठीवर असं औषध दिसलं की घरचे धास्तावतात. पण ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दुखणं खोटं वाटतं, असा त्याचा अर्थ मुळीच नसतो.

२०२५ मध्ये ३७६ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. दीर्घकालीन वेदना असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ४० टक्के जणांत नैराश्याची, आणि साधारण तेवढ्याच जणांत चिंतेची लक्षणं उपचार लागावेत इतकी ठळक होती. फायब्रोमायल्जियात हे प्रमाण निम्म्याहून अधिक निघालं.

एवढी माणसं खचतात कशी? कंबर धरलेली बाई आधी पाण्याची कळशी उचलणं सोडते. मग खाली बसणं सोडते. मग लग्नकार्याला जाणं टाळते, कारण तिथे तासन्तास बसायचं कसं आणि चारचौघांना सांगायचं तरी काय? हालचाल थांबली की स्नायू ढिले पडतात, रात्री झोप लागत नाही, आणि झोप उडाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणं जास्त टोचतं. घरात चिडचिड वाढते, आपण सगळ्यांना ओझं झालो असं वाटू लागतं.

याच्या उलट चूकही सर्रास होते. एखाद्या दिवशी बरं वाटलं की चकल्या, करंज्या, माळ्यावरचे डबे असं सगळं एकदम उरकलं जातं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. फिजिओथेरपिस्ट म्हणूनच काम वाटून घ्यायला सांगतात: ठरलेल्या वेळेला थांबायचं, बरं वाटत असलं तरीही, आणि वेळ हळूहळू वाढवायची.

मनावरच्या उपचारांनी वेदना प्रत्यक्ष कमी होऊ शकते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथे जुनाट पाठदुखीच्या १५१ जणांवर प्रयोग झाला. ज्यांना वेदनेकडे धोका म्हणून न पाहण्याचं मानसोपचारातून शिकवलं, त्यांच्यापैकी ६६ टक्के जणांची पाठदुखी जवळजवळ थांबली. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला नावापुरता उपचार, मिळालेल्या गटात हे प्रमाण २० टक्के होतं. या लोकांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं, त्यामुळे हा आकडा संधिवाताला किंवा कर्करोगाच्या वेदनेला लावता येणार नाही.

दुखण्यासोबत झोप, भूक आणि माणसांत मिसळण्याची इच्छा गेली असेल, तर तेही डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. जगणं नकोसं वाटू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.