केबल ठेवावी की डिश बसवावी?

आमच्या शेजारचे आबा माळकरी गृहस्थ आहेत. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरात आहेत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांची पंढरीची वाट बंद झाली. आता आषाढीच्या पहाटे दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर विठ्ठलाची महापूजा पाहायची, हीच त्यांची वारी. गेल्या वर्षी दशमीच्या रात्री वारा सुटला, निंबाची एक फांदी मोडली आणि तिच्याबरोबर केबलची तार खाली आली. तार जोडायला माणूस आला तो चौथ्या दिवशी. म्हातारीची एकादशी तशीच गेली. त्या तोंडाने काही बोलल्या नाहीत, पण आबांना ते फार लागले. बारस सोडून ते तडक माझ्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "गुरुजी, आता बास झालं. ही केबल उपटून टाकतो आणि डिश बसवतो. तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "आबा, रागात बैल विकायला काढला तर त्याची किंमत येत नाही. आधी हिशेब करू, मग तार काढू." त्यानंतर आम्ही आठ दिवस हा हिशेब केला. आबांसारखाच प्रश्न पुष्कळ घरांतून आणि शाळांतूनही पडत असतो, म्हणून तो हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हे दूरचित्र आपल्यापर्यंत कसे आले ते थोडक्यात पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९७५-७६ साली एका उपग्रहाच्या मदतीने देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम वर्षभर दाखवण्यात आले. त्या प्रयोगाचे नाव 'साइट'. म्हणजे उपग्रहावरून थेट खेड्यात चित्र येणे ही काही कालपरवाची नवलाई नव्हे. १९९०च्या सुमारास गावोगावी केबलच्या तारा लोंबू लागल्या आणि १९९५ साली केबलसाठी कायदा झाला. २००३ साली घरोघरच्या छोट्या डिशची खाजगी सेवा आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने दरमहा भाडे न घेणारी आपली डिश सुरू केली. तिलाच आज 'डीडी फ्री डिश' म्हणतात. पुढे केबलही डिजिटल झाली आणि केबलच्या घरीसुद्धा सेट टॉप बॉक्स आला.

आता पुष्कळांना न ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. केबल जमिनीवरून येते आणि डिश आभाळातून, असे आपण समजतो. खरे पाहता दोन्हींचे मूळ बहुतांशी आभाळातच असते. केबलच्या मुख्य केंद्रात मोठमोठ्या डिश असतात. त्या उपग्रहाकडून वाहिन्या घेतात आणि तिथून त्या तारेने गावात येतात. ही झाली गावाची नळयोजना. टाकी एक आणि तोट्या घरोघरी. आपल्या कौलावरची डिश म्हणजे घरची विहीर. नळाची वाहिनी फुटली तर आळीच्या आळी कोरडी पडते, पण दुरुस्ती दुसऱ्याने करायची असते. विहिरीला कुणाची वाट पाहावी लागत नाही, पण दोर तुटला तर तो आपणच जोडायचा. केबल आणि डिश यांच्या गुणदोषांचे मूळ बरेचसे या एका फरकात आहे.

आबांनी लगेच विचारले, "मग पावसात डिश जाते म्हणतात, ते खरं का?" खरे आहे. हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी उभा दिसल्यासारखा होतो. तिथून घरच्या छोट्या डिशकडे येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. इतक्या आखूड लहरींना पावसाचे टपोरे थेंब शोषून घेतात आणि विखरून टाकतात. केबलच्या मुख्य केंद्रातील मोठ्या डिशकडे येणाऱ्या लहरी बहुधा सात-आठ सेंटिमीटर लांब असतात. त्यांना पाऊस तितका अडवत नाही. म्हणून मुसळधार सरीत डिशचे चित्र फुटते आणि केबलचे सहसा टिकते. तथापि, सर ओसरली की डिश आपोआप पूर्ववत होते. तुटलेली तार मात्र माणूस आल्याशिवाय जुळत नाही. एकाचा खोळंबा घटकाभराचा, दुसऱ्याचा कधी चार दिवसांचा.

विजेचेही असेच आहे. घरात इन्व्हर्टर असला तर डिशवाल्याला तेवढे पुरते. केबलला मात्र वाटेतल्या यंत्रांनाही वीज लागते. आपल्या घरी दिवा असूनही वरच्या आळीत वीज नसली की पडदा काळा पडतो. ज्या गावी भारनियमन आहे तिथे या गोष्टीला वजन द्यावे. वीज कडाडत असेल तर मात्र डिश असो वा केबल, टीव्हीचा प्लग आणि बॉक्सला येणारी वायर दोन्ही काढून ठेवावीत. पण हे काम आभाळ भरून येताच करावे, ऐन गडगडाटात वायरीला हात लावू नये.

डिश बसवण्यापूर्वी आपल्या अंगणात एक परीक्षा करता येते, तिला पैसा लागत नाही. सकाळी उगवतीकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला दक्षिण. पूर्व आणि दक्षिण यांच्या मधला कोपरा तो आग्नेय, जिथे आपले वाडवडील चूल मांडत. महाराष्ट्रातून पाहिले तर फ्री डिशचा उपग्रह साधारण त्याच दिशेला आहे. आता मान वर करा. क्षितिजापासून डोक्यावरच्या आभाळापर्यंतचे अंतर तीन भागांत वाटा आणि खालून दोन भाग वर चढा. तिथे नजर मोकळ्या आभाळाला भिडली तर डिशला जागा आहे. तिथे आंबा, चिंच किंवा शेजाऱ्याची माडी आडवी आली तर जागा बदलावी लागेल. दूरच्या डोंगराची सहसा अडचण होत नाही, कारण उपग्रह बराच उंचावर आहे. मात्र उन्हाळ्यात झडलेले झाड पाहून फसू नका, पावसाळ्यात त्याला पाने फुटतात. खाजगी कंपन्यांचे उपग्रह थोडे इकडेतिकडे असतात, पण तेही दक्षिण आणि पूर्व यांच्या दरम्यानच.

आता पैशाकडे वळू. २०१९ सालापासून देशात नवी दरपद्धत आली. तिच्यानुसार बिलाचे मुख्य दोन भाग असतात. एक, वाहिन्या घरी पोचवण्याचे भाडे. आणि दोन, आपण निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. या दोन्हींवर कर. केबल असो वा खाजगी डिश, वाहिन्या एकेक निवडण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. परंतु आपण बहुतेकजण बांधलेला गठ्ठा घेतो आणि त्यातल्या निम्म्या वाहिन्यांचे तोंडही पाहत नाही. लग्नात वाढप्याने वाढले म्हणून सगळेच पानात घ्यायचे, तसा हा प्रकार.

मी आबांच्या घरात एक वही टांगली आणि सांगितले, "आठ दिवस ज्यानं जे पाहिलं ते त्यानं लिहायचं. आजींचं नातवानं लिहावं." आठवड्याअखेर वही उघडली तेव्हा बाराही वाहिन्या भरल्या नाहीत. आजी सह्याद्री आणि कीर्तन, आबा बातम्या आणि हवामान, नातू क्रिकेट आणि व्यंगचित्रे. सूनबाई रात्री स्वयंपाक आवरून दोन मालिका पाहतात. त्या मालिका सशुल्क मराठी वाहिन्यांवर असतात. गंमत अशी की डिश आणायची चर्चा घरात चार दिवस चालली होती, पण सूनबाईंना कोणी विचारलेच नव्हते. वहीमुळे त्यांचा शब्द हिशेबात आला. श्रोतेहो, घरात टीव्ही एक आणि पाहणारे पाच असतात, म्हणून वही सर्वांची हवी.

नंतर आकडेमोड. समजा, महिन्याचे बिल २५० रुपये. वर्षाचे ३,००० आणि पाच वर्षांचे १५,००० झाले. फ्री डिशला छत्री, बॉक्स आणि बसवणावळ मिळून साधारण दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च होतो, पुढे दरमहा काही नाही. फरक डोळ्यांत भरतो खरा. पण फ्री डिशवर सूनबाईंच्या मालिकांच्या सशुल्क वाहिन्या नाहीत. शिवाय तिथे खाजगी वाहिन्या लिलावाने जागा घेतात, म्हणून आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. बॉक्स घेताना तो एमपेग-४ प्रकारचा आहे ना हे विचारावे, जुन्या प्रकारच्या बॉक्सवर सर्व वाहिन्या लागत नाहीत.

खाजगी डिशचा हिशेब वेगळा. समजा, नव्या जोडणीला दीड हजार गेले आणि केबलपेक्षा दरमहा ५० रुपये वाचले. ते दीड हजार भरून निघायला ३० महिने लागतील, म्हणजे अडीच वर्षे. तोवर दर तेच राहतील याची हमी नाही. उलट केबलचा बॉक्स डिशला चालत नाही, एका कंपनीचा दुसरीला चालत नाही. बदल म्हटला की जुना बॉक्स अडगळीत जातो. म्हणून वर्षाला एक अशी उडी मारणारा नेहमी तोट्यात राहतो.

काही गोष्टी रुपयांत मोजता येत नाहीत. केबलवर पुष्कळ ठिकाणी स्थानिक वाहिनी असते. तिच्यावर गावची जत्रा, गणपती, शाळेचे स्नेहसंमेलन दिसते, डिशवर ते दिसणार नाही. केबलवाला गावातलाच असेल तर पैसे दोन दिवस मागेपुढे झाले तरी तो ओळख ठेवतो. रिचार्ज संपल्यावर यंत्राला ओळख नसते. दुसऱ्या बाजूला, डिश आपल्याबरोबर चालते. बदलीच्या नोकरीतल्या शिक्षकाला ती खाटल्यासारखी दुसऱ्या गावी नेता येते. वस्तीवर, मळ्यात, जिथे तार पोचतच नाही, तिथे तर डिशशिवाय मार्ग नाही. जिथे इंटरनेट चांगले आहे तिथे तोही तिसरा मार्ग आहे. पण मोबाईलची रेंज शोधायला जिथे गच्चीवर जावे लागते, तिथे त्याच्या भरवशावर राहू नये.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विशेष सांगणे आहे. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखवली गेली. त्या दिवसांत आमच्या गावातल्या एका घरी टीव्ही होता, पण बियाणे घेण्यात पैसे गेल्यामुळे रिचार्ज संपला होता. त्या घरची चौथीतली मुलगी रोज वही घेऊन आमच्या ओसरीच्या कडेला बसे. आत ये म्हटले तरी संकोचाने उंबऱ्यापाशीच थांबे. तेव्हापासून मी म्हणतो, की शाळेत तरी असा टीव्ही असावा ज्याचे चित्र पैसे संपले म्हणून बंद पडणार नाही. फ्री डिशवर 'पीएम ई-विद्या' आणि 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्याही आहेत. ग्रामपंचायतीने मनात आणले तर दोन हजार रुपये ही मोठी रक्कम नव्हे.

बदल करायचाच ठरला तर चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, नवे चित्र नीट दिसेपर्यंत जुने तोडू नये. दुसरी, कर धरून महिन्याला एकूण किती आणि सवलत संपल्यावर किती, हे लिहून घ्यावे. तिसरी, बॉक्स विकत की भाड्याने आणि अनामत परत मिळणार का, ते विचारावे व पावती जपावी. चौथी, तक्रार तोंडी न करता कंपनीच्या दूरध्वनीवर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

आता आबांचे काय झाले ते सांगतो. त्यांनी केबल ठेवली. केबलवाल्याला ओट्यावर बोलावले, वही दाखवली आणि न पाहिलेल्या वाहिन्या कमी करून घेतल्या. बिल ३२० रुपयांवरून २३० वर आले. मग तार निंबावरून काढून खांबावरून नेण्याची अट घातली. तो पोरगा मुकाट्याने म्हणाला, "आबा, तुम्ही नुसतं सांगितलं असतं तरी केलं असतं." मळ्यातल्या त्यांच्या बहिणीकडे तार जात नाही, तिथे फ्री डिश बसली. शाळेतही तीच बसली. आणि ती बसवायला आला तो केबलवाल्याचाच पोरगा. शिडी त्याचीच होती, म्हणून मजुरीही त्यालाच मिळाली.

यंदा आषाढीच्या पहाटे पाऊस होताच. तार खांबावर शाबूत राहिली. आजींनी अंथरुणावर उठून बसून, हात जोडून महापूजा पाहिली. पूजा संपल्यावर त्यांनी सूनबाईंना विचारले, "आता तुझं काय लागतं ते लाव की गं." पहाटेच्या त्या वेळी मालिका कुठली! पण सूनबाई हसल्या आणि चहा टाकायला उठल्या.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपण म्हणतो. या बाबतीत मात्र त्यात एक भर घालावीशी वाटते. मनाचे करण्यापूर्वी घरातल्या सर्वांचे ऐकावे आणि आठ दिवस वही लिहावी.