अस्वलापासून तीनशे मीटर

स्वालबार्डच्या बेटांवर पायी सहलीला जाणाऱ्या पाहुण्याला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जातो आणि तो ऐकून बहुतेकजण बुचकळ्यात पडतात. अस्वल दिसलं की चालणं बंद! रबरी बोट किनाऱ्याला लागण्याआधी गाईड दुर्बिणीतून उतार, ओढ्यांच्या घळी आणि किनाऱ्यावरचे मोठे दगड तपासून घेतात. एकदोघं आधी उतरून जवळच्या उंचवट्यावर चढतात आणि पलीकडची बाजू बघून येतात. मगच पाहुणे उतरतात. पुढे बंदूक घेतलेला गाईड, बऱ्याचदा मागेही एक, आणि मधे सगळा गट एकत्र. फोटोसाठी मागे रेंगाळायचं नाही, सुंदर फूल दिसलं म्हणून वाट सोडायची नाही. दूर कुठे पिवळसर पांढरा ठिपका हलला, तर गडबड न करता सगळ्यांनी परत बोटीत बसायचं.

म्हणजे ध्रुवीय अस्वल बघायचं ते जहाजाच्या डेकवरून, आणि चालायचं ते अस्वल नाही याची खात्री असलेल्या जागी. ही सहल ठरवताना एवढं आधी समजून घ्यायला हवं. युरोप झाला, जपान झालं, आता उत्तरेचं टोक बघू, असं दादर-माटुंग्याच्या घरांतूनही ऐकू येतं. ओस्लोहून विमानाने लाँगयिअरब्येन या गावी पोचायचं आणि तिथून जहाजाने पुढे जायचं. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहे, त्यामुळे परतताना पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. राणीच्या बागेतले पेंग्विन पाहून मोठी झालेली मुलं तिथेही पेंग्विन असतील असं धरून चालतात. ते हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. उत्तर ध्रुवाकडे एकही पेंग्विन नाही आणि दक्षिणेकडे एकही ध्रुवीय अस्वल नाही. मराठी वाचकाची या उत्तरेशी ओळख मात्र जुनी आहे. लोकमान्य टिळकांनी वेदांमधलं आर्क्टिक शोधणारा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध केला होता.

१ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहणं कायद्याने बंधनकारक आहे. १ मार्च ते ३० जून या काळात तर ५०० मीटर. आपली पंधरा डब्यांची लोकल साधारण तीनशे मीटर लांब असते. गाडीच्या एका टोकाला आपण आणि दुसऱ्या टोकाला अस्वल, याहून जवळ जायचं नाही. अस्वल स्वतःहून जवळ आलं तर मागे सरायचं काम आपलं. त्याचा पाठलाग करणं, खाणं दाखवून बोलावणं, त्याला त्रास होईल असं वागणं हे गुन्हे तर आधीपासूनच होते. नवा नियम आल्यावर पर्यटन व्यवसायातून कुरकुर झाली, कारण एवढ्या अंतरावरून मोबाईलमध्ये फारसं काही टिपता येत नाही. तरीही हा नियम योग्यच आहे असं मला ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण या प्राण्याच्या शरीरातच आहे.

ध्रुवीय अस्वलाची कातडी काळी असते. तिच्यावर पारदर्शक, आतून पोकळ केसांचा दाट थर आणि तिच्याखाली चरबी, कधी कधी दहा सेंटिमीटर जाड. मोठा नर चारशे ते सहाशे किलोंचा. हे सगळं शरीर उष्णता धरून ठेवण्यासाठी बनलेलं आहे, बाहेर टाकण्यासाठी नाही. म्हणून हे अस्वल सावकाश चालतं. त्याला पळावं लागलं, तर उणे तापमानातही त्याचं अंग लवकर तापतं. जहाज किंवा स्नोमोबाईल जवळ आली आणि ते बिचकून किलोमीटरभर पळालं, तर त्याने कित्येक तासांच्या शिकारीतून मिळवलेली ऊर्जा आपल्या एका फोटोपायी उधळली जाते.

ती शिकार सोपी नसते. समुद्रावरच्या बर्फात सील श्वासासाठी भोकं राखून ठेवतात. अस्वल अशा भोकापाशी वाऱ्याची दिशा बघून बसतं आणि वाट बघतं, कधी तासन् तास. सीलचं नाक वर आलं की एका झटक्यात काय ते होतं, आणि बहुतेक वेळा सील निसटतो. आवाजाने किंवा वासाने ही बैठक मोडली तर सगळं पहिल्यापासून. मार्च ते जूनचं अंतर जास्त का, त्याचं उत्तरही इथेच आहे. गाभण मादी हिवाळ्यात बर्फाच्या बिळात शिरते, तिथे जेमतेम सहाशे ग्रॅमची पिल्लं जन्मतात आणि मार्च-एप्रिलमध्ये ती आईबरोबर पहिल्यांदा बाहेर येतात. आईने कित्येक महिने काही खाल्लेलं नसतं. तिला नेमके याच दिवसांत भराभर सील मिळायला हवेत, आणि सीलची पिल्लंही याच दिवसांत बर्फावर असतात.

अंतर माणसासाठीही आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात स्वालबार्डच्या उत्तरेला एका पर्यटक जहाजाची माणसं पाहुण्यांच्या आधी किनारा तपासायला उतरली, अस्वलाने त्यांच्यातल्या एकाला जखमी केलं आणि ते अस्वल गोळी घालून मारावं लागलं. एकेकाळी याच बेटांवर श्रीमंत पाहुणे खास अस्वल मारायला येत. १९७३ मध्ये नॉर्वेने शिकार थांबवली आणि कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, सोव्हिएत संघ व अमेरिका या पाच देशांनी ओस्लोमध्ये अस्वलांच्या रक्षणाचा करार केला. शीतयुद्धाच्या ऐन काळात झालेला हा करार मला फार मोलाचा वाटतो.

स्वालबार्डमध्ये एक भारतीय घरही आहे. नी-ऑलेसुंड हे पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव होतं. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण बंद पडली. आज तिथे अनेक देशांच्या संशोधकांची वस्ती आहे. उत्तर ध्रुव तिथून सुमारे १२०० किलोमीटर. जुलै २००८ मध्ये तिथे भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र सुरू झालं आणि ते चालवणारी संस्था आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे: राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. हिमाद्रीत काम करायला गेलेल्या संशोधकाला वस्तीची हद्द ओलांडायची असेल तर आधी बंदूक चालवायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पाण्याचे नमुने गोळा करायला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर बाटल्यांच्या पिशवीबरोबर रायफलही असते. गावातल्या घरांना कुलूप लावत नाहीत; अचानक अस्वल समोर आलं तर जवळच्या कुठल्याही दारातून आत शिरता यावं, म्हणून. डिसेंबर २०२३ पासून भारतीय चमू तिथे हिवाळ्यातही राहू लागला, म्हणजे चोवीस तासांच्या रात्रीत.

या गावासमोरच्या कोंग्सफ्योर्ड खाडीत भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ नावाची वेधशाळा पाण्याखाली सोडली. अटलांटिकचं कोमट, खारट पाणी खाडीत किती आणि केव्हा शिरतं, हे ती मोजते. हे पाणी वाढल्यामुळे ही खाडी पूर्वीसारखी घट्ट गोठेनाशी झाली आहे. सबंध आर्क्टिकचं चित्रही तेच आहे. उपग्रहांच्या नोंदी १९७९ पासूनच्या. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर समुद्र गोठलेला असे. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला, म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून थोडासाच जास्त.

माटुंग्यात बसून याची काळजी कशाला करायची? २०२१ मध्ये याच गोव्याच्या संस्थेतल्या संशोधकांनी एक संभाव्य दुवा दाखवला. स्वालबार्डच्या पूर्वेला असलेल्या कारा समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ कमी असला, की उघडं पाणी ऊन शोषतं आणि वरची हवा तापते. तिचा परिणाम होऊन वायव्य युरोपवर उंच हवेत जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं. तिथून निघालेल्या हवेच्या लाटा आशियावरच्या वेगवान वाऱ्यांचा मार्ग बदलतात. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर भरपूर बाष्प मिळतं आणि सप्टेंबरमध्ये, पाऊस परतायच्या वेळी, मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. किंग्ज सर्कल आणि गांधी मार्केटपाशी पाणी तुंबतं ते सखल जमीन, भरती आणि नाल्यांमुळे. त्याचा दोष आर्क्टिकवर ढकलणं चूक ठरेल. पण पाऊस किती जोराने कोसळेल, हे ठरवणाऱ्या अनेक दोऱ्यांपैकी एक तिकडून येत असावा, असं हे संशोधन सुचवतं.

अस्वलांचं काय होतंय, याचं उत्तर जागेगणिक बदलतं. जगात अंदाजे २६ हजार ध्रुवीय अस्वलं आहेत. कॅनडात हडसन उपसागराच्या पश्चिम भागात १९८७ मध्ये सुमारे १२०० होती, २०२१ मध्ये ६०० च्या आसपास उरली. तिथे बर्फ लवकर फुटतो, उपाशी दिवस वाढतात, पिल्लं जगत नाहीत. स्वालबार्डमध्ये बर्फ त्याहून वेगाने हटतोय, तरी तिथली अस्वलं अजून खंगलेली नाहीत, असं नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचे संशोधक सांगतात. ती रेनडिअर मारतात, वॉलरसचे मृतदेह खातात, बदकं आणि हंसांच्या घरट्यांतली अंडी फस्त करतात. त्याची किंमत पक्षी मोजतात; अस्वल येऊन गेलं की काही वसाहतींत एकही पिल्लू वाचत नाही. आणि किनाऱ्यावर जास्त दिवस राहणारं अस्वल माणसाला जास्त वेळा भेटतं. म्हणजे पायी सहली यापुढे आणखी अवघड होणार.

तरीही जायचं असेल तर जरूर जा. पैसे भरण्याआधी कंपनीला काही प्रश्न विचारा. जहाजावर प्रवासी किती? संरक्षित भागात आता दोनशेच्या वर चालत नाहीत आणि उतरायलाही फक्त नेमून दिलेल्या जागा आहेत. किनाऱ्यावर किती पाहुण्यांमागे एक गाईड असतो? अस्वल दिसल्यामुळे उतरणं रद्द झालं तर त्या दिवशी काय करतात? आणि शेवटी विचारा, अस्वल दिसेलच का? “नक्की दाखवू, अगदी जवळून दाखवू,” असं उत्तर आलं, तर दुसरी कंपनी शोधा.