बंबाची शोषणनळी

आगीची वर्दी येताच बंब घणघणत धावून येतो. परंतु त्याच्या टाकीतील पाणी काही मिनिटांतच संपते. अशा वेळी जवळच्या विहिरीवर किंवा तळ्यावर पंप लावावा लागतो. पंपापासून पाण्यात सोडलेल्या जाड नळीस शोषणनळी म्हणतात. ही नळी किती रुंद असावी, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर पुष्कळदा जळत्या घराचे भवितव्य अवलंबून असते.

पंप पाणी वर ओढून घेतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. पंप आरंभी नळीतील हवा तेवढी काढून टाकतो. पाणी वर ढकलण्याचे काम बाहेरची हवा करते. विहिरीतील पाण्यावर हवेचा भार सतत पडत असतो. नळीतील हवा निघून गेली, की त्या भारामुळे पाणी नळीत चढू लागते. हवेचा भार सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो, हे इटलीतील शास्त्रज्ञ टॉरिचेली याच्या १६४३ मधील प्रयोगाने सिद्ध झाले. पारा पाण्याहून साडेतेरा पटींहून अधिक जड आहे. म्हणून तोच भार पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. याहून खोल असलेले पाणी, पंप कितीही बलवान असला तरी, शोषणनळीतून वर येणार नाही.

हवेचे हे बळ म्हणजे जणू मोजून दिलेली शिदोरीच होय. तिचा काही भाग पाणी चढवण्यात, काही त्यास वेग देण्यात आणि काही नळीतील घर्षणावर मात करण्यात खर्च होतो. म्हणूनच सात-साडेसात मीटरांपेक्षा अधिक खोलीवरून पुरेसे पाणी मिळणे कठीण असते.

नळीच्या रुंदीचे महत्त्व येथेच आहे. मिनिटास १२०० लिटर पाणी हवे आहे, असे समजा. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ते सेकंदास सुमारे अडीच मीटर वेगाने येईल. व्यास निम्मा केला, तर नळीचे तोंड एक-चतुर्थांश होते आणि वेग चौपट लागतो. घर्षणाने होणारी हानी तर सुमारे बत्तीस पट वाढते! एवढा खर्च त्या शिदोरीतून भागत नाही. मग पाणी अपुरे येते, पंप खडखडू लागतो आणि आगीवरील धार क्षीण होते.

तर मग नळी वाटेल तेवढी रुंद का घेऊ नये? रुंद नळी जड असते. ती हलवण्यास माणसे अधिक लागतात आणि तिच्यातील हवा काढण्यास वेळही अधिक लागतो. म्हणून पंपाची क्षमता, पाण्याची गरज आणि विहिरीची खोली यांस साजेशी नळीच उत्तम. ती ताठर हवी, नाहीतर बाहेरची हवा तिला चेपून टाकील. तिचे सांधे घट्ट हवेत आणि टोकाची जाळी पाण्यात पूर्ण बुडालेली हवी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील भीषण स्फोटांत अग्निशामक दलाच्या ६६ जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. अशा शौर्यास ज्ञानाची जोड मिळाली, म्हणजेच ते पुरते फळास येते.