घोरणं म्हणजे स्लीप ॲप्निया का? मोबाईलच्या रेकॉर्डिंगमधून काय कळतं

आमच्या राजूरच्या घरी अण्णांचं घोरणं हा चेष्टेचा विषय होता. पाहुणे आले की "आज ट्रॅक्टर चालू राहणार" असं आम्हीच आधी सांगायचो. मग मागच्या वर्षी जालन्याहून येताना अण्णांना गाडीवरच डुलकी लागली आणि मोटारसायकल रस्त्याच्या खाली गेली. खरचटण्यावर निभावलं. त्यावर आई सहज बोलून गेली, "ते घोरतात तेव्हा मी झोपते. घोरणं थांबलं की मला जाग येते."

आईचं हे बोलणं मला नंतर कळलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना मऊ भाग थरथरतो, तो आवाज म्हणजे घोरणं. हीच वाट पूर्ण बंद झाली तर आवाजच येत नाही. छाती हलते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, मेंदू दचकून जागा करतो, माणूस मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा घोरायला लागतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. यालाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

आता मोबाईलचं काम. वेगळं ॲप लागत नाही, फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, चार्जिंगला लावा आणि उशीपासून हातभर लांब ठेवा. ६४ केबीपीएसवर आठ तासांची फाईल साधारण २३० एमबी होते. (माझी पहिली फाईल वाया गेली. अंगारकीची आदली रात्र होती, गणपतीला पायी येणाऱ्यांचाच आवाज भरला.) सकाळी सगळं ऐकत बसू नका, स्क्रीनवरची लहरींची रेघ बघा. एकसारखे उंचवटे म्हणजे नुसतं घोरणं. उंचवटे, मग १० सेकंद किंवा जास्त सपाट रेघ, मग एकदम मोठा उंचवटा, असं पुन्हापुन्हा दिसलं तर तेवढा तुकडा कापून डॉक्टरांना ऐकवा. अण्णांच्या फाईलमध्ये एक सपाट रेघ ३८ सेकंदांची होती. मी ती हेडफोन लावून ऐकली आणि माझाच श्वास अडकला.

सॅमसंगच्या आणि ॲपलच्या घड्याळांमधल्या अशा फीचरला २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. सॅमसंग रक्तातला ऑक्सिजन बघतं, ॲपल मनगटाच्या बारीक हालचाली. दोन्ही फक्त शंका सांगतात. निदान होतं ते झोपेच्या तपासणीत. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा मंदावला ते त्यात मोजतात. मोठ्या माणसांत ५ च्या आत ठीक, ३० च्या पुढे गंभीर. अण्णांचा आकडा ४१ आला.

घोरणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं नाही, आणि बारीक माणसाला होत नाही असंही नाही. पण घोरण्यासोबत दिवसा पेंग, सकाळी डोकेदुखी किंवा न उतरणारं बीपी असेल तर थांबू नका. आणि गाडीची चावी काढून घ्या, शिव्या खाव्या लागल्या तरी.

अण्णांना छत्रपती संभाजीनगरला नेलं, सीपॅप मशीन मिळालं. मास्कमधून हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. "नाकाला मोटर लावून कोण झोपतं?" म्हणून पहिले चार दिवस भांडण झालं. आता घोरणं बंद आहे. आई मात्र अजून रात्री उठते, घर एवढं शांत कसं म्हणून अण्णांच्या छातीवर हात ठेवून बघते.