गाणे सर्वांचे, सही वामनदादांची

१४ एप्रिलला आपल्या चंदगड तालुक्यातील कोणत्याही बौद्ध वस्तीत जा, लाऊडस्पीकरवर भीमगीते चालू असतात. आवाज कोणाचा, हे लहान मूलही सांगते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ही नावे घरोघरी पोहोचलेली आहेत. पण गाणे लिहिले कोणी, असे विचारले तर पुष्कळजण गप्प बसतात. त्यांपैकी कितीतरी गीतांचे उत्तर एकच आहे : लोककवी वामनदादा कर्डक.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील देशवंडी (ता. सिन्नर) येथे झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईत कष्ट करीत असताना कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखविण्यास सांगितले आणि ते वाचता आले नाही. ही गोष्ट मनाला लागली व त्यांनी मोठेपणी अक्षरे गिरवली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. पुढे 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) हे संग्रह निघाले.

परंतु त्यांची गाणी पसरली ती पुस्तकांतून नव्हे. दादा स्वतः गावोगाव फिरून गात. ऐकणारा गायक ते गाणे वहीत उतरून घेई व आपल्या पार्टीत म्हणे. शब्द बोलीतले, ध्रुवपद सोपे, त्यामुळे कोरसला ते चटकन उचलता येई. एक गाणे अशा रीतीने अनेक कंठांतून फिरले. त्यानंतर रेकॉर्डी व कॅसेटी आल्या आणि गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. यात गायकांचा दोष नाही. त्यांच्या आवाजानेच बाबासाहेबांचा विचार, ज्यांना वाचता येत नव्हते अशांपर्यंत गेला.

तरीही कवीचे नाव टिकावे, याची सोय दादांनी गाण्यातच करून ठेवलेली आहे. चोखोबा, तुकोबा आपल्या अभंगाच्या अखेरीस नाव गुंफीत, तसे अखेरच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. हीच त्यांची सही होय. आम्ही बँकेत काम करणारी माणसे जाणतो, की सहीशिवाय चेक वटत नाही. पण कार्यक्रमात वेळ अपुरा पडला की नेमके हेच शेवटचे कडवे गाळले जाते. गाणे राहते, सही पुसली जाते.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले आणि २३ जून २००४ रोजी प्रल्हाद शिंदेही गेले. शब्द देणारा व आवाज देणारा, दोघेही महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतराने आपल्यातून निघून गेले. त्यांच्यामागे गाणे सांभाळणे आपल्याच हाती आहे.

म्हणून गायक बंधू-भगिनींना नम्र विनंती, की वेळ कमी असेल तर मधले एखादे कडवे सोडा, शेवटचे सोडू नका. गाण्यापूर्वी कवीचे नाव सांगा. ज्या माणसाला एकेकाळी साधे पत्र वाचता येत नव्हते, त्याचे नाव आपल्या मुलांच्या ओठी राहावे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!