दीर्घ पल्ल्याची शिदोरी

अलीकडे अनेक कुटुंबांतील तरुण मंडळी, आणि त्यांच्या जोडीने साठी ओलांडलेले काही उत्साही ज्येष्ठही, मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु बूट आणि घड्याळ यांची जितकी चौकशी होते, तितकी शरीराच्या इंधनाची होत नाही. तीस किलोमीटर सहज कापलेला धावपटू अकस्मात पाय जड होऊन थांबतो, तेव्हा पुष्कळदा उणीव जिद्दीची नसून इंधनाची असते.

हा जमाखर्च मांडून पाहू. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला स्थूलमानाने एक कॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,५०० कॅलरी लागतात. आता जमेची बाजू. भात, पोळी, फळे यांतील कर्बोदके शरीर ‘ग्लायकोजेन’ या रूपात साठवते. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम. ग्रॅममागे चार कॅलरी धरल्यास ही पुंजी २,००० च्या आसपास भरते. तूट उघड आहे.

मेदाचा साठा मात्र विपुल असतो. सडपातळ माणसाच्या अंगीही तो काही किलो असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात. मग अडचण कोठे येते? मेद ही मुदत ठेव आहे, तर ग्लायकोजेन हे चालू खाते. मेदातून ऊर्जा संथपणे सुटते आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी प्राणवायूही अधिक लागतो. वेग वाढवला की शरीर चालू खात्यातूनच उचल करते. शिवाय स्नायूतील ग्लायकोजेन त्या स्नायूपुरतेच कामी येते. रक्तातील साखर राखण्याचे काम यकृताचे; तेथील साठा सरला की मेंदूलाही त्याची झळ पोहोचते.

१९२४ साली बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गलितगात्र झालेल्यांच्या रक्तात साखर फारच कमी आढळली. पुढील वर्षी आधीच्या आहारात कर्बोदके वाढवून वाटेत गोड वड्या दिल्या, तेव्हा त्यांची स्थिती सुधारली. १९६६ मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम व हुल्टमन या संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून प्रत्येकाने एकाच पायाने, तो थकेपर्यंत पॅडल मारले. नंतर तीन दिवस कर्बोदकप्रधान आहार घेतल्यावर थकलेल्या पायातील साठा विश्रांत पायाच्या सुमारे दुप्पट झाला. श्रम आणि त्यानंतरचा आहार यांतूनच पुंजी वाढते, हे सिद्ध झाले.

यातून व्यवहार असा निघतो. शर्यतीपूर्वीचे दोन-तीन दिवस सराव कमी करून भात, पोळी, पोहे, केळी यांचे प्रमाण वाढवावे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठत असल्याने वजन किंचित वाढते; त्याची चिंता नको. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन जानेवारीत पहाटेच्या अंधारात सुरू होते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना तोवर सुमारे अकरा तासांचा उपवास घडलेला असतो. त्यात यकृताचा साठा बराच उतरतो. स्नायूंचा मात्र जवळपास शाबूत राहतो. सूर्योदयापूर्वी काही न घेण्याचा नियम असणाऱ्यांनी आरंभीचा वेग मुद्दाम कमी ठेवावा आणि उजाडल्यावर नियमाच्या वेळेनुसार खाण्यास विलंब करू नये.

दीड तासाहून अधिक धावायचे असल्यास ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. एका मध्यम केळ्यात ती सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर, मनुका, साखर-मिठाचे पाणी हेही चालते. मात्र पोटाला काय मानवते ते सरावातच पाहून ठेवावे. तहानेपेक्षा फार अधिक पाणी पिणेही घातक, कारण त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहींनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून धावूच नये.

पहिल्या दहा किलोमीटरांत अंगात भरपूर बळ वाटते, आणि उधळपट्टी नेमकी तेथेच होते. तेव्हा हात राखून धावणाऱ्याला शेवटच्या दहा किलोमीटरांसाठी काही शिल्लक उरते.